‘८४’ हे साल नव्हे : जुन्या रशियन चांदीच्या चमच्यांची ओळख

जुन्या रशियन चांदीच्या चमच्याच्या दांड्यामागे बहुधा ‘८४’ हा आकडा ठोकलेला आढळतो. तो १८८४ या वर्षाचा निदर्शक असावा, असा नवख्या संग्राहकांचा समज होतो आणि त्यावरूनच चमच्याचे वय ठरविले जाते. प्रत्यक्षात हा आकडा चांदीचा कस दर्शवितो. झारकालीन रशियात एका फुंतात, म्हणजेच सुमारे ४०९.५ ग्रॅम वजनात, ९६ झोलोत्निक धरले जात. ९६ भागांपैकी ८४ भाग शुद्ध चांदी, असा ‘८४’चा अर्थ असून दशमान पद्धतीत हाच कस ८७५ होतो. आपल्याकडील तोळ्याच्याही ९६ गुंजाच होतात. ८८ आणि ९१ हे अधिक शुद्ध चांदीचे आकडे त्या मानाने क्वचित दिसतात.

काळ ठरविण्यासाठी अन्य ठसे पाहावे लागतात. १८९९ पूर्वीच्या चमच्यावर सामान्यतः कारागिराची आद्याक्षरे, शहराचे चिन्ह आणि कस तपासणाऱ्या पारख्याची आद्याक्षरे असत. पारख्याच्या आद्याक्षरांखाली चार अंकी वर्ष दिलेले असे. तेच खरे साल होय. सेंट पीटर्सबर्गचे चिन्ह एकमेकांवर आडवे ठेवलेले दोन नांगर व राजदंड, तर मॉस्कोचे चिन्ह अजगराचा वध करणारा अश्वारूढ संत जॉर्ज. छोट्या चमच्यांवर हे सर्व ठसे असतीलच असे नाही.

१८९९ पासून वर्ष ठोकण्याची प्रथा थांबली. त्या जागी ‘कोकोश्निक’ हे पारंपरिक शिरोभूषण ल्यालेल्या स्त्रीचे मुख आले. हे मुख पाहणाऱ्याच्या डावीकडे वळलेले असेल, तर चमचा १८९९ ते १९०८ या काळातील समजावा. त्याच्या बाजूस पारख्याची आद्याक्षरे असतात. मॉस्कोत ती इव्हान लेबेदकिन यांची, तर पीटर्सबर्गमध्ये आरंभीच्या वर्षांत याकोव्ह ल्यापुनोव्ह यांची आढळतात. १९०८ नंतर मुख उजवीकडे वळले आणि आद्याक्षरांऐवजी शहरासाठी ग्रीक अक्षर आले : पीटर्सबर्गसाठी अल्फा, मॉस्कोसाठी डेल्टा. एवढ्याशा ठशात नाकाची दिशा ओळखण्यासाठी भिंग हवेच.

सोव्हिएत राजवटीत १९२७ पासून हातोडा घेतलेल्या कामगाराचे मुख व ८७५ हा आकडा, तर १९५८ पासून विळा-हातोडा असलेला तारा दिसू लागला. असा चमचा झारकालीन म्हणून विकला जात असेल, तर ग्राहकाने सावध व्हावे. केवळ रशियन भाषेतील एम-एन-त्स ही अक्षरे असतील, तर तो तांबे, निकेल व जस्त यांच्या मिश्रधातूचा आहे. त्या मिश्रधातूत चांदी नसते.

कारागिराच्या नावावर मात्र एकट्याने विसंबू नये. मॉस्कोचे नामांकित सुवर्णकार पावेल ओव्हचिन्निकोव्ह १८८८ मध्ये निवर्तले, तथापि त्यांची पेढी १९१७ पर्यंत सुरू होती. फॅबर्जेचे नाव तर खऱ्याखुऱ्या जुन्या पण सामान्य चमच्यांवरही मागाहून ठोकले गेले आहे. अशा वेळी ठसे परस्परांशी जुळतात का, हे पाहणे महत्त्वाचे ठरते. १८८४ हे साल आणि कोकोश्निक एकाच चमच्यावर दिसल्यास संशय घ्यावा. ठशाच्या कडा बोथट व मऊ असतील, तर तो ठोकलेला नसून साच्यातून चमच्यासह ओतलेला असण्याची शक्यता असते. अर्थात, वर्षानुवर्षे घासूनपुसून चकचकीत केलेल्या खऱ्या चमच्याचे ठसेही असेच पुसट होतात. म्हणून तपासणीपूर्वी चमचा घासू नये.