रात्रीस खेळ चाले
'रात्रीस खेळ चाले' ही झी मराठी वाहिनीवर २२ फेब्रुवारी २०१६ रोजी सुरू झालेली मालिका आहे. शीर्षक 'हा खेळ सावल्यांचा' (१९७६) या चित्रपटातील सुधीर मोघे यांच्या गीतावरून घेतले आहे. कथानक सिंधुदुर्गातील नाईक कुटुंबाच्या वाड्यात घडते. चित्रीकरण आकेरी येथे झाले.

आरंभीच कुटुंबप्रमुख अण्णांचा मृत्यू होतो आणि विखुरलेले कुटुंब एका छपराखाली येते. विषय भयाचा असला तरी मालिकेचे खरे वेगळेपण तिच्या विनोदात आहे. घरगडी पांडू सांगायचे नेमके तेच विसरतो आणि 'इसारलंय' म्हणून मोकळा होतो. प्रेक्षक हसतो, पण राहून गेलेल्या वाक्यातच रहस्य दडले असावे, या शंकेने अस्वस्थही होतो. ही भूमिका मालिकेचे लेखक प्रल्हाद कुडतरकर यांनीच केली.

'वस्त्रहरण' नाटकापासून मालवणी बोली महाराष्ट्रभर पोहोचली, ती मुख्यतः हशासाठी. येथे गावची माणसे शोक करतात, जमिनीवरून भांडतात, तेही मालवणीतच.

भुताखेतांच्या चित्रणाने कोकणची बदनामी होते व अंधश्रद्धेला खतपाणी मिळते, असा आक्षेप सुरुवातीला सिंधुदुर्गातूनच घेतला गेला. पुढे मात्र आकेरीचा तो वाडा पाहण्यासाठी पर्यटक येऊ लागले.