प्रागैतिहासिक सृष्टीचीं छायाचित्रें

गेल्या दिवाळींत आमच्या पुतण्यानें एक चित्र चौकटींत बसवून दिवाणखान्यांत टांगलें. पहांटेचें धुकें, पायांशीं हिरवेंगार गवत, आणि वृक्षांच्या शेंड्यांवर मान काढून उभा असलेला प्रचंड ब्रॅकिओसॉरस! आमच्या मातोश्रींनीं चष्मा पुसून विचारिलें, "अरे, हें कोठल्या अरण्यांत काढिलेंस?" चिरंजीव नुसते हंसले. तें हंसणें आम्हांस तितकेंसें रुचलें नाहीं.

हें चित्र कुंचल्याचें नव्हे, आणि खरें पाहतां कॅमेऱ्याचेंहि नव्हे. इंग्लंडांतील केंब्रिजच्या फ्रंटिअर या कंपनीनें २०२१ सालीं 'जुरासिक वर्ल्ड इव्होल्यूशन २' हा संगणकावरील खेळ प्रसिद्ध केला. त्यांत डायनोसॉरांचें उद्यान वसवावयाचें, कुंपणें घालावयाचीं, येणाऱ्या प्रेक्षकांची सोय लावावयाची, असा सारा संसार आहे. परंतु हल्लींच्या पुष्कळ खेळांत 'फोटो मोड' म्हणून एक सोय असते. काळ जागच्या जागीं थांबवावा, अदृश्य कॅमेरा घेऊन प्राण्याभोंवतीं वाटेल तसें हिंडावें, मागील देखावा अंधुक करावा, प्रकाश कमीजास्त करावा, आणि मनाजोगता क्षण टिपून ठेवावा. खेळ बाजूस ठेवून केवळ अशीं चित्रें काढीत बसणारे हौशी लोक देशोदेशीं आहेत.

यांत कला ती काय, असें आम्हांस प्रथम वाटलें. जग दुसऱ्यानें रचिलेलें, प्राणी दुसऱ्यानें घडविलेला, यानें फक्त कळ दाबिली! म्हणून एके रात्रीं त्याच्याजवळ जाऊन बसलों. एका चित्रापायीं त्यानें तीन तास घालविले. माणसाच्या उंचीवरून पाहिल्यास प्राणी खेळण्यासारखा दिसतो, म्हणून कॅमेरा अगदीं जमिनीलगत नेला. कुंपण एका खोडाआड दडविलें. जबडा वासलेला प्राणी तर सारेच टिपतात, म्हणून तो तोंड मिटून पाण्याकडे वळेपर्यंत हा वाट पाहत राहिला. तेव्हां आमचें मत पालटलें.

नामशेष जीवांस चित्रांत पुन्हा उभे करण्याची हौस जुनीच आहे. मेरी ॲनिंग या बाईनें लाइम रीजिसच्या किनाऱ्यावर शोधिलेल्या अवशेषांच्या आधारें हेन्री डि ला बेश यानें १८३० सालीं प्राचीन समुद्राचें जलरंगी चित्र काढिलें, व त्याच्या छापील प्रतींचें उत्पन्न तिच्या साह्यार्थ दिलें. १८५४ सालीं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या बागेंत इग्वानोडॉनचे पुतळे उभे राहिले, ते नाकावर शिंग घेऊन. पुढें १८७८ सालीं बेल्जममध्यें बर्निसारच्या कोळशाच्या खाणींत सबंध सांगाडे हातीं आले, आणि तें शिंग नसून आंगठ्यावरील कांटा होता हें ठरलें. बिचारे पुतळे मात्र अद्याप शिंगासह उभे आहेत!

पण पुतळा पाहणारा जाणतो कीं, हा कोणा कारागिराचा तर्क आहे. छायाचित्रावर डोळा सहसा शंका घेत नाहीं. त्या खेळांतील व्हेलोसिरॅप्टर चित्रपटांतून आलेला, मोठ्या चणीचा व उघड्या कातडीचा आहे. खरा प्राणी टर्की पक्ष्याएवढा होता, आणि त्याच्या हाताच्या हाडावर पिसांच्या मुळांच्या खुणा असल्याचें २००७ सालीं प्रसिद्ध झालें. धुकें आणि उन्हाची तिरीप जितकी सुंदर साधावी, तितकी ही चूक अधिक खरी वाटूं लागते. घरांतील लहान मुलें हेंच पाहून प्राणी ओळखावयास शिकणार. म्हणून चित्राखालीं खेळाचें नांव लिही, असें आम्हीं त्यास सांगितलें. तो म्हणाला, "काका, संग्रहालयांतल्या चित्रांखालीं 'हा अंदाज आहे' असें तुम्हीं कधीं वाचलेंत का?" आम्हांस चटकन् उत्तर सुचलें नाहीं.

चारपांच दिवसांनीं त्यानें स्वतःच तें चित्र उतरविलें. कारण गवत! ब्रॅकिओसॉरसचा काळ सुमारें पंधरा कोटि वर्षांपूर्वींचा, आणि तेव्हां गवत उगवलेंच नव्हतें. हें ध्यानांत येतांच त्यानें कॅमेरा नेच्यांच्या दाटीआड नेऊन, जमीन दिसणार नाहीं अशा बेतानें तोच प्राणी पुन्हा टिपला.

आणि याच शोधांत त्यास आपलें चंद्रपूर सांपडलें. त्या जिल्ह्यांतील पिसदुरा येथें डायनोसॉरांची दगड झालेली विष्ठा मिळते. ती टायटॅनोसॉर नांवाच्या लांब मानेच्या प्राण्यांची असावी असें मानितात. तींत निरनिराळ्या जातींच्या गवतांचे सिलिकामय सूक्ष्म कण आढळल्याचें लखनौच्या बिरबल साहनी संस्थेच्या वंदना प्रसाद व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००५ सालीं जाहीर केलें. म्हणजे साडेसहा कोटि वर्षांपूर्वींच्या सुमारास आपल्या विदर्भांत हे प्राणी गवत खात होते.

आतां चिरंजीवांचें नवें चित्र चाललें आहे. त्यांत टायटॅनोसॉर आहे, आणि गवत मुद्दाम ठेविलें आहे. खालीं दोन ओळी लिहावयाच्या असें त्यानें आपण होऊन ठरविलें आहे: एक खेळाच्या नांवाची, दुसरी पिसदुऱ्याची. मातोश्रींनीं मात्र आधींच विचारून ठेविलें आहे कीं, शेणाचे दगड झाले तरी त्यांत गवत ओळखूं येतें तें कसें. आणि तें समजावून सांगण्याचें काम आमच्यावर आलें आहे.