जुना आटा धरताना

पंपाच्या शाफ्टवरचा नट अर्ध्यावर अडतो किंवा ट्रॅक्टरच्या ॲक्सलचे आटे खराब होतात, तेव्हा तो तुकडा गोणपाटात गुंडाळून कोल्हापूरच्या उद्यमनगरात, नाहीतर तालुक्याच्या गावातल्या लेथवर येतो. चांगला टर्नर लगेच मशीन सुरू करत नाही. नट हाताने फिरवून तो नेमका कुठे अडतो, हे आधी पाहतो.

बऱ्याचदा खोट किरकोळ असते. हातोडा बसून पहिला आटा दबलेला असतो किंवा कडेला बर आलेली असते. तिथे तिकोनी कानस पुरते. डाय फिरवायची घाई मात्र नडते. डाय वाकडी बसली, तर जुना आटा सोडून शेजारी दुसरा पाडते आणि दुरुस्तीला आलेला शाफ्ट भंगारात जातो.

कधी आटे धड असतात, नटच परका, वेगळ्या प्रमाणाचा असतो. इंग्रज यंत्रकार हेन्री मॉडस्लीने 1800 च्या सुमारास टूलला ठरावीक गतीने सरकवणारा लीड स्क्रू, टूलची सरकती बैठक आणि बदलते गियर एकाच लेथवर आणले. त्याच्या कारखान्यात काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थने 1841 मध्ये आट्यांचे प्रमाण सुचवले, त्यात कोन 55 अंशांचा होता. 1864 मध्ये अमेरिकेत विल्यम सेलर्सने 60 अंश मांडले. मेट्रिक आटेही 60 चेच. अर्ध्या इंची व्हिटवर्थ बोल्टवर इंचाला 12 आटे असतात, त्याच मापाच्या अमेरिकन यूएनसी बोल्टवर 13. एकाचा नट दुसऱ्यावर थोडा चढतो आणि घट्ट बसतो. मग कुणीतरी पान्याला पाइप लावतो. पिच, म्हणजे दोन आट्यांमधले अंतर, तपासणारे पिच गेज लावायला अर्धा मिनिट लागते. पण त्यासाठी कुणाला वेळ नसतो.

खरे कसब लागते ते आटे लेथवर पुन्हा साफ करताना. कोऱ्या गजावर टूल पहिली रेघ कुठेही ओढो, आटा तिथून सुरू होतो. इथे रेघ आधीच आहे आणि टूलला तीच सापडली पाहिजे. टर्नर शाफ्ट बांधून डायल लावतो, शाफ्ट डगडगत नाही याची खात्री करतो. शाफ्टच वाकलेला असेल, तर पुढची मेहनत वाया. पिचप्रमाणे गियर लावले, टूल सेंटरच्या उंचीला आणि शाफ्टला काटकोनात बसवले, की टूल कामापासून दूर ठेवून तो हाफ नट, म्हणजे कॅरेजला लीड स्क्रूशी जोडणारी पकड, टाकतो. कॅरेज थोडे पुढे जाऊ देतो, म्हणजे गियर आणि स्क्रूमधली ढिलाई निघून जाते. मग मशीन थांबवतो, पण उलटे फिरवत नाही. आता कंपाउंड आणि क्रॉस स्लाइड हलवून टूलचे टोक जुन्या घळीत उतरवायचे. खाली पांढरा कागद धरला की दोन्ही बाजूंची फट स्पष्ट दिसते.

खात्रीसाठी आट्यांवर निळी शाई लावून हलका पास घेतात. घळीच्या दोन्ही बाजूंची शाई सारखी खरवडली गेली, तर आटा धरला. एकाच बाजूची गेली, तर कंपाउंड किंचित सरकवायचा. या कामात धातू फारसा निघत नाही. निघाला तर काहीतरी चुकते आहे.

जुन्या इंची लीड स्क्रूच्या लेथवर मेट्रिक आटे असतील, तर आणखी एक पथ्य. 1 इंच म्हणजे 25.4 मिलिमीटर, त्यामुळे अचूक हिशेबासाठी 127 दात्यांचा गियर लागतो. काम संपेपर्यंत हाफ नट उघडायचा नाही. प्रत्येक पासला टूल मागे घेऊन मशीन उलटे फिरवायचे. कंटाळवाणे आहे, पण उघडलेला हाफ नट पुन्हा त्याच जागी पडेल याचा भरवसा नसतो.

लेथचेही आटे झिजतात. काम बहुतेक चकाजवळ होते, म्हणून लीड स्क्रू त्या टोकाला जास्त खाल्ला जातो आणि तिथे पाडलेल्या लांब आट्याची पिच बिघडू शकते. क्रॉस स्लाइडचा नट सहसा पितळ-ब्राँझसारख्या मऊ धातूचा असतो. स्क्रूआधी तो झिजावा, हाच उद्देश. तो नवा करणे स्वस्त पडते.

आटे पूर्ण गेलेच, तर वेल्डिंगने भर टाकून, टर्न करून नवे पाडावे लागतात. जागा असेल तर व्यास कमी करून लहान नट बसवता येतो. भोकातले आटे गेले, तर भोक मोठे करून बुश किंवा हेलिकॉइल घालतात. पण भार सोसणाऱ्या ॲक्सलवर वेल्डिंगची भर हा जुगार आहे. तिथे नवा ॲक्सलच घ्यावा. दुरुस्तीला शाफ्ट नेताना त्याचा नटही सोबत न्या. टर्नरला शेवटी आटे त्यावरच तपासायचे असतात.