पाच जणांची फळी आणि तिचा वस्ताद

अमेरिकेत फुटबॉल म्हणतात तो आपला फुटबॉल नव्हे, हे आरंभीच सांगितलेले बरे. कोल्हापूरच्या पेठांतून ज्या फुटबॉलवर माणसे जीव टाकतात तो पायाने खेळावयाचा. अमेरिकेतल्या खेळात चेंडू लांबोडका असतो, तो बहुधा हातात धरून पळावयाचे नाहीतर हाताने फेकावयाचा. पायाचे काम त्या मानाने थोडे. दोन्ही बाजूंस अकरा-अकरा गडी. मैदान शंभर यार्डांचे, म्हणजे सुमारे ९१ मीटर. चेंडू ज्यांच्याकडे आहे त्यांना चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावयाचे असते. सरकले की पुन्हा चार प्रयत्न मिळतात, न सरकले की चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुढचे समजावयास अडचण नाही.

आणखी एक गोष्ट आपल्याला नवलाची वाटेल. तिकडे धंदेवाईक संघ आहेतच. पण विद्यापीठांच्या संघांवर लोकांची जी माया आहे ती काही निराळीच. ६ नोव्हेंबर १८६९ रोजी रटगर्स आणि प्रिन्स्टन या दोन कॉलेजांत पहिला सामना झाला, आणि तेव्हापासून हे वेड वाढतच गेले. हंगामातल्या शनिवारी गावेच्या गावे मैदानाकडे लोटतात. सामना संपला की रेडिओवर श्रोत्यांचे फोन सुरू होतात, आणि त्या फोनांतून एक वाद हटकून निघतो. तो वाद असा, की आपली पुढची फळी कोसळली, तो दोष कोणाचा? तिला शिकवणाऱ्या प्रशिक्षकाचा, की मुळात मुलेच नीट निवडली नाहीत म्हणून?

आता ही फळी म्हणजे काय ते पाहू. चेंडू ठेवलेल्या जागी, प्रतिपक्षाच्या नाकासमोर, पाच धिप्पाड गडी वाकून उभे असतात. मधला तो सेंटर; चेंडू दोन पायांमधून मागे देण्याचे काम त्याचे. त्याच्या दोन बाजूंस दोन गार्ड, आणि त्यांच्या बाहेर दोन टॅकल. चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकवर प्रतिपक्षाचे गडी धावून येतात, त्यांना या पाचांनी अडवावयाचे. किंवा चेंडू घेऊन पळणाऱ्यासाठी समोरच्यांना रेटून वाट काढून द्यावयाची. क्वार्टरबॅकला दोन-तीन सेकंद मिळाली तरी पुष्कळ झाली. आपल्या कबड्डीतली साखळी आठवा. एकाचा हात सुटला की बाकीच्यांची ताकद फुकट. फरक एवढाच, की कबड्डीत धरावयाचे असते, आणि येथे प्रतिपक्षाच्या गड्याला धरले की दहा यार्डांचा दंड होतो. धरावयाचे नाही आणि सोडावयाचेही नाही, अशी ती कसरत आहे. पावले कशी टाकावयाची, हात छातीवर कोठे लावावयाचे, शेजाऱ्याने माणूस बदलला तर आपण कोणावर जावयाचे, हे सारे न बोलता जमावे लागते.

वाद रंगतो याचे मुख्य कारण असे, की या पाच जणांच्या कामाचा हिशेब कोणाला धड ठेवता येत नाही. पळणाऱ्याने किती यार्ड काढले, किती चेंडू झेलले गेले, हे सारे मोजले जाते. या पाचांना पुढे फेकलेला चेंडू झेलण्याची नियमानेच बंदी. त्यांच्या नावापुढे काय मांडणार? दंड झाला म्हणजे मात्र त्यांचा नंबर ध्वनिवर्धकावरून साऱ्या मैदानाला ऐकू जातो. कॉलेज फुटबॉलमधला सर्वांत मानाचा हाइझमन पुरस्कार १९३५ पासून दिला जातो. आक्रमणाच्या फळीतल्या गड्याला तो एकदाही मिळालेला नाही. १९७३ साली ओहायो स्टेटचा जॉन हिक्स दुसरा आला, तीच काय ती मजल. क्वार्टरबॅक खाली पाडला गेला तर दोष फळीचा, की त्यानेच चेंडू उगाच हातात धरून ठेवला, हे जाणत्यालाही दोनदा पाहावे लागते. जेथे आकडा नाही तेथे मत असते, आणि मत तर प्रत्येकालाच असते.

बरे, फळीच्या प्रशिक्षकाला, म्हणजे आपल्या तालमीच्या भाषेत वस्तादाला, एकच काम असते तर गोष्ट वेगळी होती. त्याला शिकवावयाचे तर असतेच. शिवाय हायस्कूलच्या मुलांच्या घरी जाऊन, आईबापांशी बोलून, मुलगा आपल्या विद्यापीठाकडे वळवावयाचा असतो. या भरतीचे तिकडे एक शास्त्रच होऊन बसले आहे. हायस्कूलच्या मुलांना तारे देणाऱ्या संस्था आहेत. पाच तारे म्हणजे अव्वल. म्हणून लोकांत दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, वस्ताद शिकवणारा हवा, मुले कशीही असोत. दुसरा म्हणतो, पाच ताऱ्यांची मुले आणा, शिकवायला काय लागतं?

दुसऱ्या पक्षाचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. अलाबामा, जॉर्जिया, ओहायो स्टेट ही विद्यापीठे वर्षानुवर्षे निवडक मुले गोळा करीत आली आणि अजिंक्यपदेही त्यांनीच मिळवली. परंतु फळीच्या बाबतीत सतरा वर्षांच्या मुलाकडे पाहून भविष्य सांगणे फार अवघड. पळणारा मुलगा सतराव्या वर्षी पळतोच; तो डोळ्यांना दिसतो. फळीतल्या मुलाचे अंग अजून भरावयाचे असते. हायस्कूलात तो आपल्याहून लहानखुऱ्या मुलांना नुसत्या वजनाने लोटीत असतो, आणि कॉलेजात समोर येतो तो त्याच्याएवढाच, १३५ किलोंचा. सेंट्रल मिशिगन विद्यापीठाच्या एरिक फिशरकडे हायस्कूलात असताना मोठ्या विद्यापीठांनी ढुंकून पाहिले नव्हते. २०१३ साली धंदेवाईक संघांनी कॉलेजातले खेळाडू निवडले तेव्हा साऱ्या देशातून पहिले नाव त्याचे निघाले.

या सगळ्यात नेब्रास्का राज्याची हकीकत मला विशेष सांगाविशी वाटते. हे शेतीचे राज्य. मका आणि गुरे. लोकवस्ती वीस लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्या एखाद्या मध्यम जिल्ह्याएवढी. तेथे धंदेवाईक फुटबॉल संघ नाही. साऱ्या राज्याचा जीव लिंकन शहरातल्या विद्यापीठाच्या संघात. १९६२ सालापासून तेथल्या मैदानावरच्या प्रत्येक सामन्याची सर्व तिकिटे विकली गेलेली आहेत. १९७३ ते १९९७ टॉम ऑस्बर्न हे मुख्य प्रशिक्षक होते. शिक्षक बंधुभगिनींनी मुद्दाम ध्यानात घ्यावे, की त्यांची डॉक्टरेट शैक्षणिक मानसशास्त्रातली होती. फळीचे काम १९७४ पासून २००२ पर्यंत मिल्ट टेनोपिर यांच्याकडे होते. एकच वस्ताद, जवळजवळ तीस वर्षे!

नेब्रास्काला दूरच्या मोठ्या शहरांतली नामांकित मुले मिळणे कठीण. तेव्हा त्यांनी आपल्याच राज्यातल्या खेड्यापाड्यांतल्या मुलांना हाक दिली. ज्याला शिष्यवृत्ती मिळाली नाही त्याने स्वखर्चाने यावे, सरावात उतरावे, आणि लायकी दाखवली तर शिष्यवृत्तीही मिळवावी. अशा मुलाला तिकडे वॉक-ऑन म्हणतात. आला तो आला, नाही चमकला तरी पदवी घेऊन घरी गेला. या मुलांमुळे सराव दांडगा होई, आणि नवशिक्यांनाही दोन-तीन वर्षे मुरावयास अवधी मिळे.

शिष्यवृत्तीवर येणारी मुलेही कोठकोठून आली पाहा. डीन स्टाइनक्यूलर हा बर नावाच्या खेड्यातला. गावची वस्ती शंभराच्या आत. शाळा इतक्या लहान, की अकरा मुले जमत नाहीत म्हणून आठ-आठांचा फुटबॉल खेळत. हा मुलगा १९८३ साली देशातला सर्वोत्तम फळीकर ठरून आउटलँड पुरस्काराचा मानकरी झाला. २ जानेवारी १९८४ रोजी मायामीविरुद्धच्या सामन्यात तर गंमतच झाली. क्वार्टरबॅकने चेंडू मुद्दाम जमिनीवर ठेवून दिला, सारे भलतीकडे धावले, आणि जन्मात चेंडू न उचलणाऱ्या या गार्डाने तो उचलून १९ यार्ड पळत नेऊन गुण मिळवले. नेब्रास्का तो सामना ३०-३१ असा एका गुणाने हरली, ही गोष्ट अलाहिदा. पुढे १९९४, १९९५ आणि १९९७ या तिन्ही हंगामांत अजिंक्यपद त्यांच्याकडे आले. १९९५ साली त्यांनी दर सामन्यास सरासरी जवळजवळ ४०० यार्ड नुसते पळून काढले. पळणाऱ्यांचे फोटो छापून आले. वाट कोणी करून दिली ते आपण जाणतोच.

ऑस्बर्न गेले, टेनोपिर गेले, २००४ पासून खेळाची पद्धतच बदलली, आणि नेब्रास्काची ती फळी पुन्हा दिसली नाही. मग वाद आलाच. वस्ताद कमी पडतो की मुले? माझ्या मते दोन्ही पक्ष एक गोष्ट विसरतात, ती म्हणजे काळ. २०२२ साली आलेला मुलगा पहिले वर्ष बाहेर बसतो, दुसऱ्या वर्षी राखीव असतो, आणि फळीत उभा राहतो तो २०२४ साली. म्हणजे नवा वस्ताद पहिली दोन वर्षे आधीच्याच्या पेरणीवर खेळत असतो. लोक त्याला जाब विचारतात तो दुसऱ्याने पेरलेल्या शेताचा. आणि त्याचे पीक उभे राहण्याआधी त्याला निरोप मिळालेला असतो.

लोकांची घाई किती, याचे ताजे उदाहरण ओहायो स्टेटचे. १२ ऑक्टोबर २०२४ रोजी ओरेगॉनविरुद्ध त्यांचा डावा टॅकल जोश सिमन्स गुडघा दुखावून बाद झाला. नोव्हेंबरात सेंटर सेथ मॅकलॉक्लिन गेला. दोघेही दुसऱ्या विद्यापीठांतून आणलेले. ३० नोव्हेंबरला मिशिगनकडून १०-१३ अशी हार पत्करावी लागली, तेव्हा फळीचे वस्ताद जस्टिन फ्राय यांना हाकला, असा गिल्ला झाला. त्याआधीच त्यांनी २०२१ पासून संघात असलेल्या डोनोव्हन जॅक्सनला गार्डाच्या जागेवरून टॅकलच्या जागी नेले होते. मागे बसवलेल्या कार्सन हिन्झमनला पुन्हा सेंटर केले होते. हीच डागडुजी केलेली फळी घेऊन २० जानेवारी २०२५ रोजी ओहायो स्टेटने नोत्र दामला ३४-२३ असे हरवून अजिंक्यपद मिळवले. हाकला म्हणणाऱ्यांनी त्या दिवशी कोणाला फोन केला, कोण जाणे! फ्राय पुढच्याच महिन्यात धंदेवाईक संघात गेले. बाहेरून आणलेले गडी पडले तेव्हा निभावून नेले ते घरी वाढवलेल्यांनी; पण जॅक्सन हा पाच ताऱ्यांचा होता हेही सांगितले पाहिजे, नाहीतर दुसऱ्या पक्षावर अन्याय होईल.

तारे नसलेल्यांत मात्र एक नाव अर्कान्सा राज्यात आजही हळवेपणाने घेतले जाते. हॅरिसन गावचा ब्रँडन बर्ल्सवर्थ. जाड काळ्या काड्यांचा चष्मा, बेढब अंग, शिष्यवृत्ती नाही. स्वखर्चाने विद्यापीठात आला. शिष्यवृत्ती मिळवली, १९९८ साली देशाच्या निवडक संघात गार्ड म्हणून नाव आले, आणि शेवटचा सामना खेळण्याआधी पदवीच काय, पदव्युत्तर पदवीही पूर्ण केली. एप्रिल १९९९ मध्ये एका धंदेवाईक संघाने त्याला निवडले. अकरा दिवसांनी, २८ एप्रिलला, घरी जात असताना मोटार अपघातात तो गेला. २०१० पासून देशातल्या सर्वोत्तम वॉक-ऑन खेळाडूला त्याच्या नावाचा पुरस्कार देतात.

अलीकडे सगळा रंगच पालटला आहे. १ जुलै २०२१ पासून कॉलेजच्या खेळाडूंना आपल्या नावावर जाहिरातींचे पैसे घेता येतात. त्याच वर्षापासून एक वर्ष बाहेर न बसता विद्यापीठ बदलता येते. तीन वर्षे खपून तयार केलेला टॅकल चौथ्या वर्षी दुसऱ्याच्या फळीत उभा दिसतो. मुलाला दोष देता येत नाही. त्याच्या खांद्यांवर कोट्यवधी डॉलर जमत आले, आणि त्याच्या वाट्याला फी आणि जेवण. हे फार दिवस चालणार नव्हतेच. ६ जून २०२५ रोजी न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी एका मोठ्या दाव्यातली तडजोड मंजूर केली, आणि विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे देण्याची वाट मोकळी झाली. पहिल्या वर्षाची मर्यादा सर्व खेळ मिळून सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलर.

पण त्याच तडजोडीत एक कलम आहे, आणि त्याची चर्चा रेडिओवरच्या फोनांत फारशी नसावी. पूर्वी शिष्यवृत्त्या ८५ ला बांधलेल्या होत्या, संघातल्या एकूण मुलांची संख्या मोकळी होती. आता शिष्यवृत्त्यांचे बंधन गेले, आणि तडजोडीत सामील झालेल्या विद्यापीठांच्या संघात १०५ हून अधिक मुले ठेवता येत नाहीत. यादीच्या तळाशी असतात ती वॉक-ऑन मुले. कित्येकांना निकालाआधीच नारळ मिळाला होता. या मुलांची सोय लावल्याशिवाय सही करणार नाही, असे न्यायाधीशबाईंनी बजावले. तेव्हा कमी केलेल्यांना १०५ च्या बाहेर धरून परत घेण्याची मुभा कागदावर आली. परत घ्यावयाचे की नाही, हे ज्या त्या विद्यापीठाच्या मर्जीवर. ही मुभाही त्या वेळच्या मुलांपुरतीच. त्यांचे शिक्षण संपले की संपली. बरसारख्या खेड्यातून यापुढे स्वतःच्या पैशाने लिंकनला येणाऱ्या मुलाला त्या १०५ मध्येच जागा शोधावी लागेल.