बापावर गेलेली हनुवटी

मुलीचे समोरचे पक्के दात वर आले आणि खालच्या दातांच्या मागे जाऊन बसले, तेव्हा घरात हशा पिकला. "बापावर गेली!" मला हसू आलं नाही. इंदापूरच्या शाळेत माझ्या पुढे आलेल्या हनुवटीवरून पडलेलं नाव मी विसरलेलो नाही.

आई म्हणाली, "सगळे दात पडून येऊ देत, मग बघू." माझ्या वेळीही ती हेच म्हणाली होती. सतराव्या वर्षी डॉक्टरांनी सांगितलं, आता वाढ थांबल्यावर जबड्याची शस्त्रक्रियाच.

म्हणून या खेपेस एसटीने थेट बारामती गाठली. तिथल्या दंततज्ज्ञांनी आधी तिला दात मिटायला लावले. एखादा दात आड येतो म्हणून मूल नुसतंच जबडा पुढे सरकवतं, असंही असतं. हिचं तसं नव्हतं. पुष्कळदा खालचा जबडा मोठा नसतोच, वरचा मागे राहिलेला असतो. हे मला चाळिशीत कळलं! आनुवंशिकता आहेच. स्पेनचा राजा दुसरा चार्ल्स (१६६१–१७००) याच्या हॅब्सबर्ग घराण्यात असा जबडा पिढ्यान्‌पिढ्या चालला.

साधारण ७ ते १० या वयात वरचा जबडा पुढे ओढता येतो. टाळूला प्लेट, कपाळावर आणि हनुवटीवर टेकणारा सांगाडा, दोहोंमध्ये ताणलेले रबर, रोज १२ ते १४ तास. नुसत्या तारांनी दात हलतात, जबडा नव्हे. वयात येताना खालचा जबडा पुन्हा पुढे वाढू शकतो, त्यामुळे तपासणीच्या फेऱ्या काही वर्षं चालणारच.

जेवण उरकलं की ती सांगाडा स्वतःच चढवते. परवा रबर अडकवता अडकवता तिने विचारलं, "बाबा, तुम्हाला का नाही लावला?"

आई शेजारी शेंगा सोलत होती. तिने मान वर केली नाही.