इंजिनिअर उदंड, मिस्त्री कुठे?

सातारा-सांगलीच्या पट्ट्यात सिव्हिल इंजिनिअरची वानवा फारशी कधी नव्हती. धोंडूमामा साठे यांनी १९४७ साली सांगलीत न्यू इंजिनिअरिंग कॉलेज काढलं, ते सिव्हिलच्या शिक्षणापासूनच. पुढे त्याला वालचंद हिराचंदांचं नाव लागलं. १९६० मध्ये कराडला सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय आलं. मिरज आणि कराडची सरकारी तंत्रनिकेतनं वेगळीच. इतकं असूनही बंगल्याचा स्लॅब टाकायची वेळ आली की पहिला फोन जातो मुकादमाला, आणि तो म्हणेल त्या दिवशी, तो आणेल त्या माणसांकडून काम होतं. या माणसांना काम कुणी शिकवलं, हा प्रश्न घरमालकही विचारत नाही आणि इंजिनिअरही.

गंमत अशी, की ज्या वालचंदांचं नाव कॉलेजला आहे त्यांनी स्वतः इंजिनिअरिंगची पदवी घेतली नव्हती. रेल्वेतले माजी कारकून लक्ष्मणराव फाटक यांच्याशी भागीदारी करून ते ठेकेदारीत उतरले आणि धंदा कामावरच शिकले. त्यांनी उभ्या केलेल्या हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनीने पुढे कोयनेचं धरण बांधलं. १०३ मीटर उंचीच्या त्या भिंतीत काँक्रीटच्या जोडीला दगड बसवलेले आहेत. म्हणजे संकल्पचित्राइतकाच हातांचा भरवसा तिथे लागला. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे सहाहून अधिक तीव्रतेचा भूकंप झाला. भिंतीला तडे गेले, पण ती उभी राहिली आणि नंतर तिला मागून टेकू देऊन बळकट केलं गेलं. कोयनानगर परिसरातली दगडमातीची घरं मात्र कोसळली.

त्या भूकंपाचा धडा आज कुठे अडतो, ते कॉलमच्या रिंगेत बघावं. उभ्या सळयांभोवती जी रिंग बांधतात तिची दोन्ही टोकं १३५ अंशांत आत वाकवावीत, असं भूकंपरोधक बांधकामाचं भारतीय मानक सांगतं. असा हुक काँक्रीटच्या गाभ्यात रुतून बसतो. ९० अंशांत वाकवलेलं टोक वरच्या कव्हरमध्येच राहतं. हादऱ्याने कव्हर फुटलं की रिंग उघडते, सळया बाहेर फुगतात आणि कॉलम बसतो. हे कॉलेजात शिकवतात, परीक्षेत विचारतातही. पण रिंग वाकवतो तो फिटर, आणि त्याची मजुरी बहुतेक साइटवर किलोवर किंवा टनावर ठरते. १३५ अंशांच्या हुकाला वेळ जास्त लागतो, दाट सळयांत तो घालताना बोटं सोलवटतात, आणि त्याचे पैसे वेगळे कुणी देत नाही. तो ९० अंशांवर थांबतो यात त्याचा आळस कमी, आपला हिशेब जास्त आहे. काँक्रीट भरल्यावर आतली रिंग कोणाला दिसणार?

पूर्वी हे शिक्षण जातीतून आणि घरातून होई. लिंबची बारा मोटेची विहीर, मेणवलीचा वाडा आणि घाट हे अठराव्या शतकातलं काम पाहिलं की पाथरवट, गवंडी, सुतारांच्या पिढीजात जाणतेपणाची कल्पना येते. ती व्यवस्था अन्यायाचीच होती, ती मोडली ते बरंच झालं. तिच्या जागी दुसरी शाळा मात्र आपण उघडली नाही. आयटीआयमध्ये बांधकामाचे ट्रेड आहेत, ड्राफ्ट्समन आणि सर्व्हेअरही आहेत. पण पोरांची पहिली उडी इलेक्ट्रिशियनवर. गवंडीकामाचा दाखला घेऊन साइटवर आलेल्या पोरालाही मुकादम तीच हजेरी देणार, मग एक वर्ष घालवायचं कशाला?

गावातली तरुण मंडळी या कामाकडे फिरकत नाहीत. पाटण, माण, खटावची माणसं पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला गेली. पाटण तालुक्यातल्याच अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा आला आणि पाठीवर ओझं वाहणाऱ्याला नोंदणी, बोर्ड, भविष्य निर्वाह निधी मिळाला. बांधकाम मजुरांसाठीचा केंद्राचा कायदा यायला १९९६ उजाडलं. आज साइटवर जतच्या आणि विजापूरकडच्या गावांतली कुटुंबं भेटतात, बिहार-बंगालची पोरं भेटतात.

बायांबद्दल तर बोलायलाच हवं. घमेली उचलायला, विटा पोचवायला, पाणी मारायला बाई चालते. तिच्या हातात थापी आणि ओळंबा मात्र क्वचितच येतो. आयुष्यभर गवंड्याच्या शेजारी उभं राहून जिला मालाचं प्रमाण डोळ्यांनी कळतं, ती शेवटपर्यंत बिगारीच. कामगार टंचाईच्या गप्पा मारणाऱ्या बिल्डरांना ही शिकाऊ फौज दिसत नाही, याचं मला खरंच नवल वाटतं.

कामही आता झपाट्याने बदलतंय. कराड-मलकापूरचा उड्डाणपूल तयार सेगमेंट जोडत उभारला गेला. खंबाटकीला नवा जुळा बोगदा खोदला गेला. सांगलीत एएसी ब्लॉक, रेडीमिक्स, जिप्सम गिलावा रुळलेत. ब्लॉकला पातळ सांधा लागतो, रेडीमिक्स ठरावीक वेळात संपवावं लागतं. गाडी उशिरा आली म्हणून ड्रममध्ये पाणी ओतलं की काँक्रीटची ताकद गेलीच. बाहेरही मागणी याच हातांना आहे. इस्रायलने २०२३-२४ मध्ये भारतातून माणसं मागवली ती शटरिंग, लोखंड वाकवणं, टाइल आणि गिलावा या चार कामांसाठी. जर्मनीच्या बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी महाराष्ट्राने २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळाचा करार केला.

शिकवायला पैसा नाही म्हणावं तर बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकर बांधकाम कामगारांच्या कल्याणकारी मंडळाकडे जमा होतो. वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला दिला की मजुराची तिथे नोंदणी होते. तालुक्याच्या गावी चर्चा असते ती मंडळाकडून मिळणाऱ्या भांडी संचाची. मुलांच्या शिक्षणालाही मंडळ मदत करतं, अगदी इंजिनिअरिंगपर्यंत. गवंड्याचा मुलगा इंजिनिअर व्हावाच. पण गवंड्याला स्वतःला ड्रॉइंग वाचता यावं, यावर त्या उपकरातला किती वाटा जातो?

कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात ‘कमवा आणि शिका’ रुजवलं. तिथे शिकणाऱ्याला काम दिलं गेलं. इथे काम करणाऱ्याला शिक्षण द्यायचं आहे. अभियांत्रिकी कॉलेजांच्या प्रयोगशाळा संध्याकाळी कुलूपबंदच असतात. तिथे ड्रॉइंग वाचन, रिंग बांधणी, स्लम्प चाचणी असा तीन-चार आठवड्यांचा वर्ग घेता येईल. पण हजेरी बुडवून कुणी येणार नाही. पीएम विश्वकर्मा योजनेत प्रशिक्षणाच्या दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन आहे; गवंड्याची सांगलीतली रोजची मजुरी त्याहून जास्त असते, म्हणजे उरलेला फरक उपकरातून भरावा लागेल. वर्ग मराठीबरोबर हिंदी आणि कन्नडमध्ये ठेवावा लागेल, मजुरांच्या लहान पोरांना सांभाळायला कुणीतरी बसवावं लागेल, आणि शिकून आलेल्या फिटरला १३५ अंशांच्या हुकाचा वेगळा दर ठेक्यातच लिहून द्यावा लागेल.