लेयरचे खनिजखाद्य : चुनखडीचा खडा आणि रात्रीचे कवच

अंड्याचे कवच बहुतांशी रात्री घडते. पिवळ्या बलकाभोवती पांढरा जमला, पापुद्रा चढला की अंडे गर्भाशयात उतरते आणि तिथे अठरा-वीस तास राहते. 60 ग्रॅमच्या अंड्याला साडेपाच-सहा ग्रॅम कवच लागते, म्हणजे सुमारे 2.2 ग्रॅम कॅल्शियम. कोंबडीने दिवसाला 110 ग्रॅम खाद्य खाल्ले आणि त्यात 4 टक्के कॅल्शियम असले, तर 4.4 ग्रॅम पोटात जाते. त्यातले साधारण निम्मे अंगी लागते. कागदावर हिशेब चोख बसतो.

तरीही अंडी तडकतात. सचिन या गावाहून आलेल्या एका पत्रातली तक्रार हीच आहे: तपासणीत कॅल्शियम पुरेसे, पण ट्रेमध्ये क्रॅक अंडी रोजची. या लेखमालेत ठरलेला फॉस्फरसचा विषय त्यासाठी एक आठवडा पुढे जाईल, कारण या तक्रारीचे मूळ बहुधा चुनखडीच्या खड्यात सापडते.

चुनखडीची बारीक पूड पोटात लवकर विरघळते आणि दिवसाच पुढे सरकते. रात्री कवच बसू लागते तेव्हा आतड्यात कॅल्शियम उरलेले नसते. मग कोंबडी हाडांकडे वळते. अंड्यावर येण्याच्या सुमारास तलंगांच्या लांब हाडांच्या पोकळीत एक खास हाड तयार होते. ते रोज झिजते आणि रोज भरले जाते. भरणे कमी पडत गेले की झीज खुद्द हाडांच्या भिंतीपर्यंत पोचते. पिंजऱ्यातली चांगली अंडी देणारी कोंबडी एके दिवशी पायावर उभी राहीनाशी होते, ती याच मार्गाने.

दोन ते चार मिलिमीटरचा खडा किंवा शिंपल्याचा तुकडा दाणे भरडणाऱ्या जाड पोटात अडकतो आणि रात्रभर हळूहळू विरघळत राहतो. म्हणून लेयरच्या खाद्यातल्या चुनखडीपैकी निम्म्याहून जास्त, शक्यतो दोन-तृतीयांश, भाग खड्यांचा ठेवतात. दिवे मालवण्यापूर्वी तीन-चार तास गव्हाणीत थोडी ग्रिट, म्हणजे हेच खडे, वेगळी टाकण्याची रीत जुनी आहे आणि ती सोडू नये. संध्याकाळी गव्हाणीत हात फिरवावा. तळाला नुसती पूड लागली आणि खडे दिसले नाहीत, तर कोंबड्यांनी ते वेचून खाल्ले आहेत. त्यांची भूक त्याच तासाला कॅल्शियमकडे ओढ घेते.

खडा विकत घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. चांगल्या चुनखडीत कॅल्शियम सुमारे 38 टक्के असते. चमचाभर चुनखडी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात टाकली की ती फसफसून विरघळते आणि वाळू तळाशी उरते. डोलोमाइट मात्र टाळावा. त्यातले जास्तीचे मॅग्नेशियम कवच बिघडवते आणि विष्ठा पातळ करते.

सचिनपासून नवापूरपर्यंतच्या पट्ट्यात उन्हाळा या सगळ्यावर पाणी फिरवतो. नवापूरच्या लेयर शेडना हे नवे नाही. एकतर खाणे घटते: 95 ग्रॅमवर आलेल्या कोंबडीला त्याच 4 टक्क्यांतून 3.8 ग्रॅमच मिळते, म्हणून तेव्हा टक्केवारी साडेचारच्या आसपास न्यावी लागते. दुसरे कारण श्वासाचे. चोच उघडून धापा टाकताना कार्बन डायऑक्साइड उडून जातो, रक्तातले बायकार्बोनेट घटते आणि कॅल्शियम हाताशी असूनही कार्बोनेटचे कवच पातळ बसते. खाण्याच्या मिठाचा काही भाग काढून त्याजागी खाण्याचा सोडा देतात तो यासाठी. मात्र एकूण सोडियम मोजूनच, नाहीतर विष्ठा ओली होते.

कळपाचे वयही पाहावे. साठाव्या आठवड्यानंतर अंडे मोठे होते, पण कवचाचा माल जवळपास तेवढाच राहतो आणि मोठ्या अंड्यावर पातळ पसरतो. 1.080 घनतेच्या मिठाच्या पाण्यात ताजी अंडी सोडली तर पातळ कवचाची तरंगतात. अशी तरंगणारी अंडी वाढू लागली की संध्याकाळची ग्रिट वाढवावी, आणि फॉस्फरस गरजेपेक्षा जास्त पडतो आहे का तेही पाहावे. जास्तीचा फॉस्फरसही कवच पातळ करतो. डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट) आणि फायटेज या एन्झाइमचा तो हिशेब पुढच्या भागात.